घरी थांबायचं की दवाखान्यात पळायचं?

पत्र असं आहे:

"मी २९ वर्षांची, अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. मालक सुरतला कामाला, दोन-तीन महिन्यांनी घरी येतात. घरात ४ वर्षांचा मुलगा, ९ महिन्यांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना शुगर आणि बीपी दोन्ही आहे. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आदल्या रात्री मुलाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, पाणी देऊ नको, दिलं की अजून लागतं. मी रात्रभर पाणी दिलं नाही. सकाळी पोऱ्या पार ढिला पडला. दिराच्या गाडीवर दवाखान्यात नेला, सलाईन लागलं, डॉक्टर मला फार बोलले. पुढच्याच आठवड्यात मुलीला सर्दी झाली. या वेळी मी रात्रीच रिक्षा करून नेलं. दोन इंजेक्शनं झाली, ९०० रुपये गेले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, 'तुले काहीच समजत नई.' कोणत्या आजाराला घरी थांबायचं आणि कोणत्याला पळायचं, याची मला यादी द्या. आणि खरं सांगा, त्या रात्री मी चुकले का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो मनात टोचत असेल तर बाकीचं नीट वाचवणार नाही. पाणी बंद केलं ही चूक होती. पण ती एकट्या तुमची नाही. जुलाबात पाणी तोडायचं, ही समजूत मी आरोग्याच्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत गावोगाव ऐकली, अगदी शिकलेल्या घरांतही. तुम्हाला कोणी उलट सांगितलंच नव्हतं. आणि सकाळी पोराचा रंग बघून क्षणभरही न थांबता त्याला गाडीवर घातलंत, ते अगदी बरोबर केलंत. डॉक्टर बोलले ते मनावरून उतरवा.

आता यादी. आजारांची यादी मी तुम्हाला देणार नाही. तोच ताप एका पोराला दोन दिवसांत सोडतो आणि दुसऱ्याला दवाखान्यात पोचवतो. जुलाबांचंही तसंच. आजाराचं नाव शोधणं डॉक्टरांचं काम आहे. तुमच्या हातात जे आहे ते डॉक्टरांकडे नाही: तुम्ही त्या लेकराला चोवीस तास बघता. म्हणून आजार न बघता माणूस बघायचा. पितोय का? लघवी होतेय का? श्वास कसा चाललाय? हाक मारली की नेहमीसारखा बघतोय का? या चारही गोष्टी ठीक असतील तर बहुतेक वेळा सकाळपर्यंत थांबता येतं. यातली एकही बिघडली तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, निघायचं.

मुलापासून सुरू करू. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो. त्या दिवसांत चांगल्या पोराच्याही अंगातलं पाणी घामावाटे जात असतं. त्यात जुलाब-उलट्या लागल्या आणि वरून पाणी तोडलं, तर एका रात्रीत पोर सुकतं. जुलाब पाण्यामुळे वाढत नाहीत. आतडं आजारी पडलेलं असतं म्हणून ते होतात, पाणी दिलं तरी होतात आणि नाही दिलं तरी होतात. जीव जातो तो जुलाबानं नाही, अंगातलं पाणी आणि मीठ संपल्यानं.

मीठ आणि साखर एकत्र असली की आतडं आजारातही पाणी आत ओढून घेतं. सगळी गोम एवढीच. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये भरून ठेवलं आणि ते पाजायचं काम रोग्यांच्या आई-बापांवर, नातेवाइकांवर सोपवलं. तिथे मरणाचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होतं, ते चारच्याही खाली आलं. पाजणारे हात तुमच्या-माझ्यासारख्यांचेच होते.

पण ते पाणी बरोबर कालवलं पाहिजे, आणि इथे मी स्वतः एकदा चुकले आहे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एका बाईला ओआरएसची पुडी दिली, 'पाण्यात कालवून पाज' म्हटलं आणि पुढच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी पोर जास्तच मलूल. विचारलं तेव्हा कळलं, तिनं अख्खी पुडी एका फुलपात्रात कालवली होती. औषध जास्त घट्ट केलं की जास्त लागू पडेल, असं तिला वाटलं. इतकं खारट पाणी उलट अंगातलं पाणी आतड्यात ओढतं. पोर वाचलं, पण तेव्हापासून मी पुडी देताना पहिला प्रश्न विचारते: कशात कालवणार? भांडं दाखव.

तर तुमचं भांडं म्हणजे बाजारात मिळते ती एक लिटरची पाण्याची बाटली. धुऊन घ्या, उकळून गार केलेलं पाणी तोंडापर्यंत भरा, मोठी पुडी पूर्ण त्यात टाका आणि हलवा. अर्धी पुडी उद्यासाठी ठेवायची नाही, अंदाजानं चिमूट-चिमूट टाकायची नाही. छोटी पुडीही मिळते. तिच्यावर किती पाण्यात ते छापलेलं असतं, तेवढंच घ्यायचं. कालवलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं आणि नवं करायचं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमच्यावरचा ढीग बोटानं पुसून काढा. मग स्वतः चाखून बघा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेका आणि पुन्हा करा.

पाजताना घाई केली की उलटी होते, आणि मग आपण म्हणतो, पाणी पोटात टिकतच नाही. चमचा घ्या. एक चमचा, मग मिनिटभर थांबा, पुन्हा एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश सुरू करा. हे काम कंटाळवाणं आहे, दोन-दोन तास चालतं, रात्री डोळा लागतो. म्हणून दोघींनी पाळ्या लावा. चार वर्षांच्या मुलाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर अर्धा ते एक कप जायला हवं. जेवणही तोडायचं नाही: पातळ खिचडी, पेज, वरणाचं पाणी, ताजं ताक, केळं, जे खाईल ते थोडं थोडं. धाकटीला कधी लागलं तर अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, उलट जास्त वेळा पाजायचं. आशाताईंकडे पुडीबरोबर झिंकच्या गोळ्या मोफत असतात. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, असं १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे, हे नव्वद टक्के घरांत होत नाही असा माझा अनुभव आहे.

थंड पेयाच्या बाटल्या, डब्यातला रस, नुसती ग्लुकोजची पावडर हे जुलाबात देऊ नका. जास्त गोडानं जुलाब वाढतात. ओआरएस असं नाव लावून गोड पेयं विकली जात होती, त्या नावाला देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२५ मध्ये मनाई केली. पण दुकानातला जुना माल अजून कुठे पडलेला असेल, म्हणून पुडीच मागा. जुलाब थांबवायची गोळीही लहान मुलाला द्यायची नाही. मोठ्या माणसासाठी आणलेली ती गोळी अर्धी करून पोराला देतात, ते धोक्याचं आहे.

आता पळायचं कधी. बेंबीच्या बाजूला पोटाची कातडी दोन बोटांत धरून उचला आणि सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. चुण्या तशाच उभ्या राहून सावकाश बसली, तर अंगातलं पाणी फार गेलं आहे. डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, सहा-आठ तासांत लघवी नाही, चमच्यानंही घेत नाही, प्यालेलं सगळं ओकतो, जुलाबात रक्त आहे, किंवा नुसता पडून राहतो, 'पोऱ्या ढिला पडला' असं तुमच्याच तोंडून निघतं. यातलं एकही दिसलं तर निघा, पण वाटेतही चमचा सोडू नका.

मुलीच्या सर्दीला मात्र दोन इंजेक्शनांची गरज होती असं मला वाटत नाही. सर्दी विषाणूची असते, सुईनं ती एक दिवसही लवकर जात नाही. सुई टोचली की बरं वाटतं हा आपल्याकडचा जुना भरवसा आहे, आणि त्यापायी मजुरीचे दिवस दवाखान्यात जातात. तरीही तुम्ही गेलात यासाठी तुम्हाला बोल लावणार नाही, कारण लहान बाळाच्या खोकल्यात एक गोष्ट खरोखर भीतीची असते: न्यूमोनिया. तो ओळखायला लागतो मोबाईलमधला सेकंदकाटा आणि एक मिनिटाचा धीर.

बाळ झोपलेलं किंवा शांत असताना मांडीवर घ्या. रडत असेल, नुकतं दूध प्यालं असेल तर थांबा. झबलं छातीवर वर सरकवा, उजेड येऊ द्या. पोट एकदा वर आलं आणि खाली गेलं की एक. पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करू नका, बाळाचा श्वास मध्येच थबकतो आणि मग धावतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा वर, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा वर, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा वर आला, तर पुन्हा एकदा मोजा. तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टर. म्हणजे तुमच्या मुलीसाठी ५० आणि मुलासाठी ४०, एवढं पाठ करा. मोजता मोजता आणखी एक बघा: श्वास आत घेताना फासळ्यांच्या खाली, छाती आणि पोटाच्या सांध्यावर, खड्डा पडतोय का? पडत असेल, किंवा बाळ दूध ओढत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आकड्याची वाट बघायची नाही, लगेच निघायचं.

हे आईला जमेल का, अशी शंका घेऊ नका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या दायांना असाच श्वास मोजायला शिकवलं होतं, आणि न मोजता येणाऱ्यांसाठी मण्यांचं एक साधं यंत्र केलं होतं. त्या कामानं न्यूमोनियातले बालमृत्यू कमी झाले, त्याचा निबंध १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तुम्ही तर पत्रात वयं आणि रुपये चोख लिहिले आहेत.

साध्या सर्दीत बाळाला अंगावर पाजा, नाक चोंदलं तर दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब पाजण्याआधी नाकात घाला, आणि बस्स. सासूबाई आल्याचा रस मधातून देत असतील तर त्यांना हात जोडून सांगा, वर्षाच्या आत मध नको. मधातल्या जंतूंमुळे एवढ्या लहान बाळाला लुळेपणा येणारी विषबाधा होऊ शकते. नाकात तेल सोडू नका, ते छातीत उतरतं. पातेल्यातल्या पाण्याची वाफ बाळाला देऊ नका, भाजलेली बाळं मी पाहिली आहेत. आणि खोकल्याचं औषध मनानं आणू नका. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडे विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधानं लेकरं दगावली. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ते चांगलं असलं तरी नकोच.

तापाचं थोडक्यात. काखेत थर्मामीटर ठेवून बघा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. गोधडीत गुंडाळू नका, अंगावर एक पातळ कापड पुरे. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं, वयावर नाही: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. इथे एक फसगत होते. एका बाटलीत ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असतं, दुसरीत २५०. चमचा तोच, औषध दुप्पट. १४ किलोच्या मुलाला १२० वालं ६ ते ८ मिलिलिटर चालतं, २५० वालं ३ ते ४ मिलिलिटरच. आशाताईंच्या काट्यावर मुलाचं वजन करा, बाटलीवर पेनानं त्याचा डोस लिहून ठेवा. ताप डोक्यात जाऊन झटके आले, मान ताठ झाली, अंगावर पुरळ आलं, तिसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही, तर डॉक्टर. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी त्याच दिवशी.

पावसाळा संपता संपता डेंग्यू येतो, तेव्हा एक लक्षात ठेवा. ताप उतरला म्हणून सगळे निश्चिंत होतात, पण डेंग्यूत बिघाड तिथूनच सुरू होऊ शकतो, साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी. पोट खूप दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं ही त्याची लक्षणं. आणि त्या तापात अंगदुखीच्या तेज गोळ्या, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घ्यायच्या नाहीत, त्यांनी रक्तस्राव वाढतो. फक्त पॅरासिटामॉल.

आता सासूबाई. तुम्ही त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिली, पण या घरात मला त्यांची काळजी जास्त वाटते. शुगरची गोळी घेतली आणि जेवण लांबलं, किंवा एकादशी-चातुर्मासाचा उपास धरला आणि गोळी तशीच घेतली, तर साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, उगाच चिडचिड होते, बोलणं भरकटतं. शुद्धीवर असतील तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांत फरक न पडल्यास पुन्हा द्या, मग जेवायला बसवा. साखर वाढली की उतरली हे कळत नसेल तरीही द्या. वाढलेली असली तर थोड्याशा साखरेनं तेवढ्यात बिघडत नाही, उतरलेली असली तर प्राण वाचतो. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, गाडी बोलवा. उपासाआधी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारून ठेवा, कारण उपास त्या सोडणार नाहीत.

तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलता येईना, शब्द फुटेना, तर तो लकवा आहे. तिथे मालीश, काढा, देवऋषी यांत तास घालवू नका. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी डोक्याचा सिटी स्कॅन लागतो. म्हणून जिथे स्कॅन आहे अशाच दवाखान्यात थेट न्यायचं, आणि 'शेवटच्या ठणठणीत किती वाजता होत्या' हे सांगायचं. छातीत दाबल्यासारखं, सोबत घाम आणि धाप, तर 'गॅस झालाय' म्हणून ओवा चावत बसायचं नाही. शुगरवाल्यांना कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो.

आणि उन्हाचं: कापूस लावायच्या आधीची शेताची कामं मे महिन्यातच येतात. शेतातून आलेला माणूस तापलेला असेल आणि असंबद्ध बोलायला लागला, तर तो साधा ताप नाही, उष्माघात आहे. त्यावर पॅरासिटामॉल चालत नाही. सावलीत घ्या, कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, पंखा लावा किंवा सुपानं वारा घाला, आणि अंग गार करत करतच १०८ ला फोन करा. कैरीचं पन्हं चांगलंच आहे, पण ते शुद्धीवरच्या माणसाला.

१०८ ची गाडी मोफत असते. फोनवर रडायला येतं, म्हणून आधीच एका कागदावर लिहून ठेवा: गावाचं नाव, तालुका, कोणता फाटा, फाट्यापासून घर कसं, मुलाचं वजन, सासूबाईंच्या गोळ्यांची नावं, दिराचा आणि रात्री येणाऱ्या रिक्षावाल्याचा नंबर. कागद मिठाच्या बरणीमागे भिंतीला चिकटवा. तिथेच ओआरएसच्या दोन पुड्या, थर्मामीटर आणि औषध मोजायची पिचकारी ठेवा. औषधाची बाटली मात्र उंचावर, पोराच्या हाताला लागणार नाही अशी.

एक काम आजच करा. दुपारी दोन्ही लेकरं झोपली की सासूबाईंना जवळ बसवा आणि धाकटीचा श्वास दोघींनी मोजा, एकदा तुम्ही, एकदा त्यांनी. बरी असतानाचा आकडा माहीत असला म्हणजे आजारातला कळतो. तो तारखेसह त्याच कागदावर लिहा. शेजारच्या काकूंनाही बोलवा.